आधी पुसा, मग पाना उचला

जुनी बुलेट घेणारा जाणता माणूस टाकीवरची चमक नंतर बघतो. आधी तो उकिडवा बसतो, इंजिनाच्या पोटाखाली बोट फिरवतो आणि ते उजेडात धरून बघतो. बोट कोरडं निघालं तर बोलणी पुढं सरकतात. काळं, चिकट निघालं तर भाव खाली येतो. विकणारा मात्र शांतपणे म्हणतो, ‘बुलेट आहे, थोडंफार ऑइल टाकणारच.’

लातूर, नांदेड, उदगीर, अहमदपूर, कुठंही जा, हे वाक्य ऐकायला मिळतं. ते इतक्या ठामपणे सांगितलं जातं की गळती हा या गाडीचा जन्मजात स्वभावच वाटू लागतो. प्रत्यक्षात जुन्या घडणीच्या इंजिनातली बारीक गळती बहुतेक वेळा एखाद्या स्वस्त पॅकिंगनं, रबरी सीलनं किंवा तांब्याच्या वॉशरनं थांबते. अवघड असतं ते ऑइल नेमकं कुठून येतंय हे ओळखणं. ते न ओळखता पाना चालवला की एका थेंबाच्या दुखण्यातून चार दुखणी निघतात, आणि ‘बुलेट गळणारच’ या समजाला आणखी एक पुरावा मिळतो.

मद्रासची फटफटी

हा समज आला कुठून, ते कळायला गाडीचा इतिहास थोडा बघावा लागतो. रॉयल एनफील्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. तिची पहिली मोटारसायकल १९०१ मधली. ‘बुलेट’ हे नाव १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचं. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, तेव्हा ३५० सीसीची बुलेट निवडली गेली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. इंग्लंडमधलं उत्पादन १९७० मध्ये थांबलं. मद्रासला मात्र तीच गाडी, जवळपास त्याच आराखड्यावर, पुढं कित्येक दशकं बनत राहिली.

त्या इंजिनाचं माप अनेक जुन्या मिस्त्रींना तोंडपाठ असतं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, एकूण ३४६ सीसी. सिलिंडर बिडाचं आणि त्यावर अॅल्युमिनियमचं हेड. म्हणून तिला आजही ‘कास्ट आयर्न बुलेट’ म्हणतात. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. या गाडीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिच्या पोटात तीन वेगवेगळी घरं आहेत. इंजिनाचं ऑइल एका घरात, डाव्या बाजूच्या प्रायमरी चेनचं आणि क्लचचं ऑइल दुसऱ्या घरात, आणि चार गिअरच्या ‘अल्बियन’ पेटीचं वंगण तिसऱ्या घरात. म्हणजे गाडीखाली डाग पडला तर तो तीनपैकी कुठल्याही घरातून आलेला असू शकतो.

२००८ नंतर यूसीई इंजिन आलं. इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ढाच्यात आले आणि तिन्हींना एकच ऑइल पुरू लागलं. २००९ मध्ये भारतात आलेली ‘क्लासिक’ याच इंजिनावर धावू लागली. दिसायला १९५० च्या दशकातली, आत मात्र नवी, अशी तिची घडण होती. पुढं २०२० मध्ये मिटिऑर आणि २०२१ मध्ये नवी क्लासिक ३४९ सीसीच्या नव्या इंजिनासह बाजारात आली. त्यात पुशरॉड गेले आणि कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला. लातूरच्या रस्त्यांवर आज या तिन्ही पिढ्या एकत्र धावतात. तिघींची गळती वेगळी आणि उपायही वेगळे. जावा, येझदी किंवा राजदूतची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, त्यामुळं त्यांच्याखाली दिसणारा डाग सहसा गिअर आणि क्लचच्या घरातला असतो.

ऑइल बाहेर का येतं

इंजिन एका तुकड्याचं नसतं. दोन तुकडे जिथं मिळतात तिथं सांधा असतो, आणि प्रत्येक सांध्यात कागदाचं, रबराचं किंवा धातूचं पॅकिंग असतं. जिथं फिरणारा दांडा बाहेर डोकावतो तिथं रबरी ऑइल सील असतं. या दोन जागा सोडल्या तर ऑइलला बाहेरची वाट फक्त तडा गेलेल्या किंवा भोकं असलेल्या ओतकामातूनच मिळते, आणि तसं क्वचितच घडतं.

सांधा सैल पडण्याचं पहिलं कारण उष्णता. अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा १०० अंशांनी तापला तर सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढतो, बिडाचा साधारण ०.११. एका धातूवर दुसरा बसवला असेल तर प्रत्येक फेरीत तापताना आणि निवताना दोघं एकमेकांवर सूक्ष्म घासतात. मधलं पॅकिंग ही खेचाखेची वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस थकतं. लातूरला मे महिन्यात पारा ४० च्या वर चढतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाहतं वारं लागतं. औशाच्या रस्त्यावर ते मिळतं, पण १६ रस्ते जिथं येऊन मिळतात त्या गंजगोलाईच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना मिळत नाही. इंजिन तापतं तसं ऑइल पातळ होतं. ४० अंशांवरच्या मानानं १०० अंशांवर ते सात-आठ पट पातळ झालेलं असतं. थंड असताना ज्या फटीतून ते सरकत नाही, तिथून गरम असताना सहज पाझरतं. सकाळी कोरडं दिसणारं इंजिन संध्याकाळी ओलं दिसतं ते यामुळं.

दुसरं कारण थरथर. एका सिलिंडरच्या लांब धावेच्या इंजिनाचा ठोका ज्या गोष्टीमुळं ऐकायला गोड लागतो, तीच गोष्ट नट-बोल्ट सैल करते. तिसरं कारण वय. इंजिनातली साधी रबरी सीलं नायट्राइल रबराची असतात. सततच्या उष्णतेनं ती कडक होतात आणि त्यांच्या ओठाची दांड्यावरची पकड जाते. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतच असतं. पोरगा पुण्याला नोकरीला आणि बुलेट गावी वाड्यात झाकून, अशी गाडी दिवाळीला बाहेर काढली की म्हणूनच कुठून ना कुठून पाझरते.

चौथं कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. ते म्हणजे इंजिनाचा श्वास.

नाक बंद झालं की

पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्याखालच्या पोकळीतली हवा दाबली जाते. ३४६ सीसीच्या इंजिनात दर धावेला सुमारे एक तृतीयांश लिटर हवेला जागा हवी असते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर हे सेकंदाला ५० वेळा घडतं. ही हवा बाहेर जायला ब्रीदर असतो. जुन्या बुलेटमध्ये त्यावर बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असते. हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. त्यामुळं इंजिनाच्या पोटात थोडी निर्वात स्थिती राहते आणि सांध्यांतून ऑइल बाहेर येण्याऐवजी आतच खेचलं जातं. नव्या इंजिनांत ब्रीदरची नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते.

ती झडप फाटली, कडक झाली किंवा नळीला पीळ पडला की पोटातला दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कच्च्या सांध्यातून बाहेर पडतं. मग मिस्त्री तो सांधा नवा करतो. दाब कायम असल्यामुळं ऑइल पुढच्या कच्च्या सांध्यातून येतं. पॅकिंगमागून पॅकिंग बदलत जातं आणि मालक कंटाळून ‘ही गाडीच अशी’ म्हणतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओल दिसली तर कुठलंही कव्हर खोलण्याआधी ब्रीदर तपासावा, हा नियम यासाठीच आहे. नळी काढून फुंकून बघायला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य असतो.

याच घरातलं दुसरं लक्षण आहे. जुनी बुलेट महिना-दोन महिने उभी राहिली तर ऑइलच्या कप्प्यातलं ऑइल हळूहळू झिरपून क्रँकच्या खाली साचतं. मग सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो आणि ब्रीदरमधून ऑइलची पिचकारी येते. ही गळती नव्हे. अशी गाडी बाहेर काढताना खालचा प्लग उघडून साचलेलं ऑइल आधी काढून घेतलं की हा त्रास टळतो.

डागाचा माग

‘मामा, ऑइल गळूलालंय,’ असं म्हणत गाडी गॅरेजात आली की चांगला मिस्त्री पहिला पाना उचलत नाही, फडकं उचलतो. कारण काळ्या मातीच्या मुलखात धूळ बारीक आणि चिवट असते. ओलसर जागेवर ती बसते, लेप चढतो, आणि पाझर एका जागी असला तरी अर्धं इंजिन माखलेलं दिसतं. शिवाय चालत्या गाडीत वारा ऑइलला मागं ढकलतो आणि वजन त्याला खाली ओढतं. डाग पडतो तिथं उगम सहसा नसतोच. हेडच्या झाकणातून आलेलं ऑइल सिलिंडरच्या पंख्यांवरून उतरत तळाच्या प्लगशी थेंब होऊन लटकतं, आणि दोष प्लगवर येतो.

म्हणून पहिली पायरी धुण्याची. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रॉकेल किंवा डिझेल, जुना दात घासायचा ब्रश आणि सुती फडकं एवढं पुरतं. गरम सायलेन्सरजवळ रॉकेल न्यायचं नाही. पाण्याचा जोरदार फवाराही टाळावा. तो सीलच्या ओठातून आणि वायरिंगमध्ये पाणी घुसवतो. इंजिन कोरडं झालं की संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग गाडी दहा मिनिटं जागेवर चालवावी, बॅटरीच्या उजेडात बघावं, आणि नंतर चार-पाच किलोमीटरची फेरी मारून पुन्हा बघावं. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ स्पष्ट उमटते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हाच उगम.

रंग आणि वासही बोलतात. इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळं आणि जळकट वासाचं असतं. जुन्या बुलेटच्या डाव्या बाजूच्या चेन-घरातलं ऑइल बरंच स्वच्छ असतं. अल्बियन गिअरपेटीतलं वंगण दाट असतं. ही पेटी मुळात अर्धपातळ ग्रीससाठी घडवलेली असल्यानं तिच्यात पातळ ऑइल भरलं तर ते टिकत नाही, आणि दोष मात्र सीलला दिला जातो. पुष्कळदा डाग इंजिनाचा नसतोच. मागच्या चेनला भरभरून लावलेलं ऑइल पुढच्या छोट्या दातेरी चाकाजवळ उडतं, झाकणात साचतं आणि तिथून टपकतं. एक-दोन दिवस चेनला काही न लावता बघितलं की हा संशय फिटतो.

पातळी तपासणं हाही तपासाचाच भाग. यूसीई आणि त्यानंतरच्या इंजिनांना उजवीकडं काचेची छोटी खिडकी आहे, जुन्यांना कांडी. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन थोडं चालवून, बंद केल्यावर काही मिनिटांनी पातळी बघायची असते. साइड स्टँडवर कलंडलेल्या गाडीची पातळी कमी दिसते, मग ‘वरून थोडं’ ऑइल ओतलं जातं आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून बाहेर येतं. अशी ‘गळती’ थोडं ऑइल काढून घेतलं की थांबते.

हातातलं काम

सगळ्यात सोपी दुरुस्ती तळाच्या ड्रेन प्लगची. ऑइल बदलल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिथं थेंब दिसला तर बहुधा जुना वॉशर तसाच परत बसवलेला असतो. हा वॉशर तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो आणि दाबला जाऊन फटी भरणं हेच त्याचं काम. एकदा दाबला गेला की तो कडक होतो. दहा-वीस रुपयांचा नवा वॉशर टाकावा. नवा मिळत नसेल तर तांब्याचा जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकला की पुन्हा मऊ होतो. जुने कारागीर हे सहज करतात. मऊ न करता नुसता प्लग आवळत राहिलं तर केसमधले अॅल्युमिनियमचे आटे जातात. मग दहा रुपयांचं काम लेथवाल्याकडं पोचतं आणि तिथं आतून स्टीलच्या तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवावे लागतात.

ऑइल फिल्टरच्या झाकणामागं असलेली रबरी ओ-रिंगही अशीच फसवी. ती चिमटली गेली किंवा खाचेतून निसटली तर सर्व्हिसिंगनंतर लगेच पाझर सुरू होतो. नवी रिंग, तिला ऑइलचा हलका हात, आणि झाकण तिरकं न होता सरळ बसवणं, इतकंच लागतं.

त्याहून थोडं मोठं आणि सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम टॅपेट कव्हरचं. जुन्या बुलेटला आणि यूसीई इंजिनाला हेडवर दोन वेगवेगळी कव्हरं असतात, एक आत येणाऱ्या वाऱ्याच्या झडपेचं, एक धूर जाणाऱ्या झडपेचं. तिथला पाझर सिलिंडरच्या पंख्यांवर काळ्या रेघा काढतो. बोल्ट हाताला सैल लागत असतील तर आधी फक्त ते आवळून बघावेत, पण मापात. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर ताकद पुरते, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. टॉर्क पाना असेल तर उत्तम, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेला आकडा हाच प्रमाण. जास्त आवळलं की कव्हर बोल्टच्या जागी दबतं, मधल्या भागात कमानीसारखं उचललं जातं, आणि गळती थांबण्याऐवजी वाढते.

आवळूनही ओल आली तर पॅकिंग बदलायचं. टाकी काढली की हात नीट पोचतो. कव्हर निघत नसेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. लाकडी किंवा रबरी हातोडीनं कडेला हलके टोले दिले की चिकटलेलं पॅकिंग सुटतं. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा म्हणजे ऑइलसाठी तयार झालेला नवा पाट. जुनं पॅकिंग खरवडायलाही प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरावी आणि आतल्या भागावर स्वच्छ फडकं टाकून ठेवावं, म्हणजे तुकडे इंजिनात पडत नाहीत.

आता कव्हरची पाठ तपासायची. जाड सपाट काच घ्यावी, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पसरावा आणि कव्हर त्यावर आठाच्या आकड्यात हलक्या हातानं दोन-चार वेळा फिरवावं. सगळीकडं सारखी चमक आली तर कव्हर सपाट आहे. कुठं काळपट खळगा उरला तर तो जाईपर्यंत घासावं. पूर्वी आवळून वाकवलेली किती तरी कव्हरं या एका साध्या कृतीनं वाचतात, आणि नवं कव्हर घ्यायचा खर्च वाचतो. घासल्यावर धुऊन, पुसून, पूर्ण कोरडं करणं अनिवार्य. पॉलिश पेपरची वाळू ऑइलमध्ये गेली तर ती बेअरिंग खाते.

नवं पॅकिंग बसवताना गॅरेजात पहिला हात सिलिकॉनच्या ट्यूबकडं जातो. तिथं थांबावं. सपाट पृष्ठभागावर चांगल्या कागदी पॅकिंगला सिलिकॉन लागत नाही; फार तर ग्रीसचा पुसट थर. जाड दोरीसारखं लावलेलं सिलिकॉन जेवढं बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. आतला तुकडा तुटून ऑइलबरोबर फिरतो, जाळीत किंवा बारीक वाटेत अडकतो आणि वरच्या भागाला ऑइल पोचणं बंद होतं. थेंबभर गळती थांबवताना इंजिन जाम होण्याची वेळ येऊ शकते ती अशी. सिलिकॉनची खरी जागा म्हणजे जिथं कंपनीनंच पॅकिंग दिलेलं नाही तिथं, उदाहरणार्थ क्रँककेसच्या दोन अर्धुकांच्या सांध्यात. तिथंही पातळ थर, आणि पुरता वाळायला साधारण २४ तास.

कव्हर बसवताना सगळे बोल्ट आधी बोटानं लावावेत. मग समोरासमोरचे बोल्ट तिरपे-तिरपे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. एका बाजूनं सुरू करून ओळीनं आवळलं तर पॅकिंग दुसऱ्या बाजूला सरकतं.

ऑइल सीलचं काम थोडं अधिक नाजूक. गिअर लिव्हरचा दांडा, किकचा दांडा आणि पुढचं दातेरी चाक या तीन जागा नेहमीच्या. सीलच्या आतल्या ओठामागं बारीक गोल स्प्रिंग असते, आणि स्प्रिंगची बाजू ऑइलकडं तोंड करून बसवायची असते. बसवण्याआधी ओठाला ग्रीस लावावं, दांड्याच्या दात्यांवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळावा म्हणजे ओठ फाटत नाही, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढं सॉकेट ठेवून सारख्या टोल्यांनी ते आत सरकवावं. दांड्यावरच ओठाच्या घासण्यानं खाच पडली असेल किंवा बुश झिजून दांडा हलत असेल तर नवं सीलही टिकत नाही. तेव्हा आधी बुश बदलावा लागतो.

जुन्या बुलेटचं डावीकडचं मोठं कव्हर एकाच मधल्या नटावर बसतं आणि कडेनं रबराची लांब रिंग असते. ती रिंग ताणली गेली की खाचेत मावत नाही आणि कव्हर बंद करताना चिमटते. तिथं नट पिळून उपयोग होत नाही. कव्हर आतल्या बाजूला वाकतं, एवढंच. नवी रिंग, स्वच्छ खाच आणि आतल्या ऑइलची योग्य पातळी या तीन गोष्टी जमल्या की बहुतेक कव्हरं कोरडी राहतात.

इंग्लंडच्या गळत्या आणि जपानची आडवी शिवण

ऑइल गळणं हे फक्त मद्रासच्या गाडीचं लक्षण कधीच नव्हतं. बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन या इंग्लिश गाड्यांचीही हीच ख्याती होती. त्या इंजिनांची क्रँककेस उभ्या रेषेत दोन अर्धुकांत विभागलेली असे. म्हणजे सांधा ऑइलच्या तळ्यातून जात असे आणि जरा कसर राहिली की पाझरत असे. होंडानं १९६९ मध्ये आणलेल्या सीबी ७५० च्या इंजिनात क्रँककेस आडवी विभागलेली होती, सांधा ऑइलच्या पातळीच्या वर होता, आणि पृष्ठभागांची कातकामाची अचूकता फार वरची होती. चार सिलिंडरची गाडी कोरडी राहते हे जगानं पाहिलं आणि ‘मोटारसायकल म्हटली की गळणारच’ हे म्हणणं तिथं संपलं.

आजही एका सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत उभाच सांधा असतो, तरी ती गळत नाहीत. फरक पडला तो कातकामात, पॅकिंगच्या साहित्यात आणि बोल्ट मोजून आवळण्यात. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लातूरच्या कुठल्याही गॅरेजात, चाळीस वर्षांच्या इंजिनावरही करता येतात.

कधी थांबू नये

सगळी गळती बारीक नसते. वीस थेंबांचं साधारण एक मिलिलीटर होतं. उभ्या गाडीखाली रात्रभरात एक-दोन थेंब पडत असतील तर सवडीनं बघता येतं. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर चोवीस तासांत १४४० थेंब, म्हणजे सुमारे ७० मिलिलीटर ऑइल जातं. इंजिनात एकूण ऑइलच दोन लिटरच्या आगंमागं असतं, तेव्हा अशी गाडी नांदेडपर्यंत नेणं धोक्याचं. मागच्या टायरवर किंवा ब्रेकवर ऑइल उडत असेल तर गाडी त्या क्षणी बाजूला घ्यावी; वळणावर टायर घसरतो. ऑइलचा दिवा लागला, हेड आणि सिलिंडरच्या सांध्यातून बुडबुड्यांसह ऑइल फुरफुरलं, किंवा केसवर केसासारखी रेघ दिसली, तर ते काम अनुभवी माणसाचं. नवी गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही न खोलता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

जास्त दाट ऑइल भरून गळती दाबण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. ते करू नये. इंजिनाला कंपनीनं सांगितलेलं मापच भरावं. यूसीई आणि नव्या इंजिनांसाठी ते १५डब्ल्यू-५० आहे. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण बघावी. या गाड्यांत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारचं ऑइल भरलं तर क्लच घसरू लागतो.

दुरुस्तीनंतर गाडी पहिल्याच दिवशी लांब पळवू नये. पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे लातूरहून औशापर्यंत जाऊन इंजिन निवू द्यावं, पावडरीची परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुस्तकातल्या मापानं बोल्ट एकदा तपासावेत.

सांडलेलं ऑइल

या कामात एक-दोन लिटर काळं ऑइल हमखास निघतं, आणि फडकी, रॉकेल वेगळंच. ते गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतायची सवय अजून आहे. लातूरनं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पिण्याचं पाणी पाहिलंय. बोअरवेलवर जगणाऱ्या गावात जमिनीत मुरलेलं ऑइल कुठं जातं याचा विचार इतर कुठल्याही शहराहून इथं जास्त व्हायला हवा. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण आणि जळके अंश असतात. धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत त्याची नोंद आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे.

घरी काम करणाऱ्यानं म्हणून खाली पसरट घमेलं ठेवावं, निघालेलं ऑइल रिकाम्या डब्यात बूच लावून साठवावं, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू देऊ नये, आणि डबा भरला की अधिकृत पुनर्वापर केंद्राला ऑइल देणाऱ्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्यावा. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो दुसऱ्या दिवशी झाडून घेतला की पाण्याचा एक तांब्याही लागत नाही.